उत्तर आलं होतं, ब्राउझरने दिलं नाही!

सर्व्हरने उत्तर दिलं होतं! पूर्ण, धडधाकट, 200 च्या स्टेटससह. ते माझ्या कॉम्प्युटरपर्यंत पोचलंही होतं. तरीही माझ्या पानाला ते मिळालं नाही, कारण मधे बसलेल्या ब्राउझरने ते पानाच्या हाती द्यायला नकार दिला. वेब अ‍ॅप बनवणाऱ्या प्रत्येकाला कधी ना कधी छळणारा ‘कॉर्स एरर’ तो हाच. हे कळल्यापासून मी भेटेल त्याला सांगत सुटले आहे. माझ्या ट्रेकिंगच्या ग्रुपलासुद्धा यातून सुटका नाही, आणि त्यांचा वेब प्रोग्रॅमिंगशी काडीचा संबंध नाही.

माझी नोकरी हिशेबाची, हौस किल्ल्यांची, आणि प्रोग्रॅमिंग हे हल्लीच लागलेलं वेड. करायचं होतं इतकंच: किल्ल्याचं नाव निवडलं की वर मराठी विकिपीडियावरचा मजकूर यावा आणि खाली माझ्या नोंदी दिसाव्यात. गुंजवण्यातून चोर दरवाजाने राजगड चढताना पाणी कुठपर्यंत पुरतं, पद्मावती माचीवर मुक्काम करायचा तर किती वाजता पोचलेलं बरं, असल्या कामाच्या गोष्टी. पान चालत होतं व्हीटवर, पोर्ट 5173. नोंदी सांभाळणारा छोटा सर्व्हर एक्सप्रेसमध्ये लिहिलेला, पोर्ट 3000. दोन्ही माझ्याच लॅपटॉपवर.

आधी विकिपीडियाचं बघू म्हटलं. एपीआयचा पत्ता ब्राउझरच्या अ‍ॅड्रेस बारमध्ये टाकला, आणि महिरपी कंसांच्या गर्दीत राजगडाचा मजकूर समोर हजर! तोच पत्ता, एकही अक्षर न बदलता, कोडमधल्या फेचमध्ये टाकला. कन्सोलमध्ये लाल ओळ. तिचा मथितार्थ असा, की लोकलहोस्ट 5173 या ओरिजिनवरून केलेला फेच कॉर्स पॉलिसीने अडवला आहे, कारण समोरून आलेल्या उत्तरात ‘अ‍ॅक्सेस-कंट्रोल-अलाऊ-ओरिजिन’ हा हेडर नाही. मग टर्मिनल उघडून कर्लने तोच पत्ता मागवला. आला की झटकन!

पत्ता एक, सर्व्हर एक, लॅपटॉप एक. अ‍ॅड्रेस बारला उत्तर मिळतं, कर्लला मिळतं, फक्त माझ्या पानाला मिळत नाही. असं का?

भाच्याला फोन लावला. तो पुण्यात याच क्षेत्रात नोकरी करतो. म्हणाला, “मावशी, दुसऱ्या टॅबमध्ये तुझी बँक उघडी आहे असं समज. लॉगिन केलेलं आहे. आता तू भलत्याच कुठल्या तरी साइटवर गेलीस, आणि त्या पानातल्या स्क्रिप्टने गुपचूप बँकेच्या पत्त्यावर रिक्वेस्ट पाठवली. तुझी कुकी कुठे जाईल?”

“बँकेकडे.”

“आपोआप. आणि बँकेला काय वाटेल?”

“मीच मागतेय असं!”

“मग तुझा बॅलन्स कोणाच्या हातात पडेल?”

माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. कुकी रिक्वेस्टसोबत आपोआप जाते, ही गोष्ट मला तोंडपाठ होती. तिच्यामुळेच तर एकदा लॉगिन केलं की प्रत्येक पानावर पुन्हा पासवर्ड द्यावा लागत नाही. पण या सोयीची दुसरी बाजू अशी, की माझ्या ब्राउझरमध्ये उघडलेलं कुठलंही पान माझ्या नावाने बोलू शकतं! कर्लकडे माझ्या कुकी नसतात, म्हणून त्याला कुणी अडवत नाही. अ‍ॅड्रेस बारमध्ये टाकलेल्या पत्त्याचं उत्तर मी डोळ्यांनी वाचते, दुसऱ्या साइटची स्क्रिप्ट ते वाचत नाही, म्हणून तिथेही हरकत नाही. अडवलं जातं ते एका साइटच्या स्क्रिप्टने दुसऱ्या साइटचं उत्तर वाचणं. बस, एवढंच. हा पहारा सर्व्हरचा नाही, ब्राउझरचा आहे, आणि तो ब्राउझरसमोर बसलेल्या माणसासाठी आहे. म्हणजे माझ्यासाठी!

हा पहारा जुना आहे. 1995 मध्ये नेटस्केपच्या ब्राउझरमध्ये जावास्क्रिप्ट आली आणि पाठोपाठ हा नियमही आला. त्याचं नाव सेम-ओरिजिन पॉलिसी. ओरिजिन म्हणजे तीन गोष्टी मिळून: एचटीटीपी की एचटीटीपीएस, डोमेन कुठलं, आणि पोर्ट कुठला. तिन्ही जुळल्या तर घरचं, एक जरी वेगळी निघाली तर परकं. हे वाचलं आणि लगेच करून बघितलं. माझा स्वतःचा 3000 वरचा सर्व्हर माझ्याच 5173 वरच्या पानाला परका! पोर्ट वेगळा ना. मग पान आणि सर्व्हर एकाच 3000 वरून चालवले आणि पान ‘लोकलहोस्ट’ ऐवजी 127.0.0.1 असं लिहून उघडलं. पत्ता त्याच मशीनचा, त्याच पोर्टचा, तरी लोकलहोस्टला केलेला फेच अडलाच. ब्राउझर मशीन बघत नाही, अक्षरं बघतो. किती काटेकोर!

मग कॉर्स म्हणजे काय? मला वाटत होतं, अडवतो तो कॉर्स. छे! अडवते ती सेम-ओरिजिन पॉलिसी. कॉर्स ही त्या पहाऱ्यातून सोडण्याची रीत आहे. सर्व्हर आपल्या उत्तरावर एक हेडर लावतो आणि ब्राउझरला सांगतो, की हे उत्तर अमुक ओरिजिनच्या पानाने वाचलं तर माझी हरकत नाही. रजिस्टर पत्र आठवा. पत्र गावात पोचलेलं असतं, पोस्टमनच्या पिशवीत असतं, पण पाकिटावर ज्याचं नाव आहे त्याच्याच हाती पडतं. इथे पोस्टमन म्हणजे ब्राउझर, आणि नाव घालायचं ते पाठवणाऱ्याने. घेणाऱ्याने दारात कितीही आदळआपट केली तरी काही होत नाही. फ्रंटएंडच्या कोडमध्ये कितीही हेडर कोंबले तरी कॉर्स एरर का जात नाही, याचं उत्तर मला इथे मिळालं. परवानगी मागणाऱ्याने स्वतःलाच द्यायची नसते!

आता पुन्हा विकिपीडिया. त्यांच्या एपीआयच्या माहितीपानावर ‘ओरिजिन’ नावाचा एक पॅरामीटर दिलेला आहे. पत्त्याच्या शेवटी ‘ओरिजिन=*’ एवढं जोडलं, आणि राजगड माझ्या पानावर! तोरणाही आला, रायगडही आला! नेटवर्क टॅबमध्ये रिस्पॉन्स हेडर्स उघडून बघितले तर तिथे तो हेडर दिमाखात उभा, समोर एक चांदणी. चांदणी म्हणजे कुणीही वाचा. पण मला भावली ती पुढची अट. ही चांदणी मागितली, की सर्व्हर तुम्हाला अनोळखी वाचक समजतो. त्याच ब्राउझरमध्ये तुम्ही विकिपीडियावर लॉगिन असलात तरी तुमची खासगी माहिती त्या उत्तरात येत नाही. ज्ञानकोशाचा मजकूर सगळ्यांचा, तो सगळ्यांना. तुमची वॉचलिस्ट तुमची, ती कुणाला नाही. बँकेच्या उदाहरणातला धोका बाजूला ठेवून उरलेलं सगळं मोकळं केलं!

यानंतर स्वतःचा सर्व्हर. इथे तर खजिनाच सापडला. नोंदी वाचायची गेट रिक्वेस्ट पाठवली. पानावर लाल एरर, आणि टर्मिनलवर माझ्या सर्व्हरच्या लॉगमध्ये ओळ: गेट, नोंदी, 200. उत्तर गेलं होतं, मधे अडलं होतं, हे डोळ्यांनी बघितलं ते तेव्हा. मग नवी नोंद साठवायची पोस्ट रिक्वेस्ट पाठवली, जेसन स्वरूपात. पुन्हा लाल एरर. टर्मिनल बघते तर पोस्टचा पत्ताच नाही! तिथे भलतीच ओळ: ऑप्शन्स, नोंदी, 200. मी ऑप्शन्स नावाची रिक्वेस्ट कुठेही लिहिली नव्हती. पाठवली कोणी?

ब्राउझरने! स्वतःहून! हिला प्रीफ्लाइट म्हणतात. पोस्ट सोडण्याआधी ब्राउझर सर्व्हरला विचारून घेतो, की लोकलहोस्ट 5173 वरचं एक पान तुला पोस्ट करू बघतंय, सोबत जेसनचा कंटेंट-टाइप आहे, चालेल का? सर्व्हरने योग्य हेडर लावून होकार दिला तरच खरी पोस्ट निघते, नाही तर निघतच नाही. विचार केला तर किती रास्त आहे. गेटने फक्त वाचायचं असतं, तिथे उत्तर हाती न देणं पुरतं. पण साठवणं, बदलणं, पुसणं या गोष्टी एकदा सर्व्हरवर घडून गेल्या की मग उत्तर दडवून उपयोग काय? तिथे आधीच विचारायला हवं.

मग आणखी एक प्रयोग सुचला. कंटेंट-टाइप जेसनवरून साधा ‘टेक्स्ट-प्लेन’ केला. प्रीफ्लाइट गायब! पानावर एरर तसाच, पण टर्मिनलवर पोस्टची ओळ उमटली. म्हणजे रिक्वेस्ट न विचारता सर्व्हरवर पोचली! हे कसं चाललं? मी चक्रावले, आणि कारण कळलं तेव्हा टाळी वाजवली. एचटीएमएलचा फॉर्म पहिल्यापासून दुसऱ्या कुठल्याही साइटला डेटा पाठवू शकत आलाय. तो तीनच प्रकारांत पाठवतो: नेहमीचा यूआरएल-एन्कोडेड, फाइलसाठीचा मल्टिपार्ट, आणि टेक्स्ट-प्लेन. जे दार आधीपासून उघडंच होतं ते फेचसाठी बंद करून काही साधणार नव्हतं. म्हणून या तीन प्रकारांतल्या पोस्टला, आणि गेट व हेडला, प्रीफ्लाइट नाही. जेसन, पुट, डिलीट, ऑथरायझेशनचा हेडर हे फॉर्मला कधीच जमलं नव्हतं. इंटरनेटवरचे जुने सर्व्हर परक्या पानाकडून असलं काही येईल या तयारीने लिहिलेलेच नव्हते, म्हणून तिथे आधी विचारणं आलं. जुनं मोडायचं नाही, नव्याला मोकाट सोडायचं नाही. नियमांची ही यादी पाठ करायला गेलं तर कंटाळवाणी वाटते, पण एकदा फॉर्म डोळ्यांसमोर आणला की पाठ करायला काही उरतच नाही! आणि फॉर्मचं ते उघडं दार आहे म्हणूनच कॉर्स असला तरी सीएसआरएफपासून, म्हणजे परक्या पानाने तुमच्या नावाने रिक्वेस्ट पाठवण्यापासून, वेगळं संरक्षण लागतं. कुकीवरची सेमसाइट ही खूण त्यासाठीच, आणि 2020 मध्ये क्रोम ती खूण नसलेली कुकी ‘लॅक्स’ धरून चालायला लागला.

हे सगळं ठरवलं कोणी, याचा माग काढत गेले तर कुठे पोचले असेन? टेलिफोनवर! 2004 मध्ये टेलमी नेटवर्क्स या कंपनीतले मॅट ऑश्री, ब्रॅड पोर्टर आणि मायकेल बोडेल हे व्हॉइसएक्सएमएल 2.1 साठी काम करत होते. फोनवर आवाजाने चालणाऱ्या सेवा ज्यात लिहितात ती ही भाषा. एका ठिकाणच्या डेटाने ‘मला अमुक ठिकाणून वाचलं तरी चालेल’ असं जाहीर करायची कल्पना त्यांनी मांडली. ती सगळ्याच वेबला उपयोगी आहे हे लक्षात आल्यावर डब्ल्यूथ्रीसीने तिचा स्वतंत्र मसुदा 2006 मध्ये काढला, 2009 मध्ये कॉर्स हे नाव आलं, आणि जानेवारी 2014 मध्ये अधिकृत शिफारस झाली. आज हे नियम फेच स्टँडर्डमध्ये नांदतात.

तोवर लोक काय करत होते? जुगाड! स्क्रिप्टचा टॅग कुठल्याही डोमेनवरून फाइल आणू शकतो, ही फट धरून बॉब इप्पोलिटोने 2005 च्या डिसेंबरात जेसनपी सुचवलं. डेटा म्हणून डेटा मागायचाच नाही, तो फंक्शनच्या कॉलमध्ये गुंडाळून स्क्रिप्ट म्हणून मागायचा. भन्नाट! आणि भीतिदायकही, कारण समोरचा जे कोड पाठवील ते तुमच्या पानात बिनबोभाट चालणार. कॉर्सची किंमत जेसनपी वाचल्यावर जास्त कळते.

माझ्या सर्व्हरवर कॉर्सचं मिडलवेअर बसवलं. एका ओळीचं काम. चांदणी लागली, गेट चाललं, पोस्ट चालली. मग लॉगिन जोडलं आणि फेचला ‘क्रेडेन्शियल्स: इन्क्लूड’ सांगितलं, म्हणजे कुकी सोबत जाऊ दे. पुन्हा लाल ओळ! पण आता शब्द वेगळे होते. क्रेडेन्शियल्स पाठवत असाल तर हेडरमध्ये चांदणी चालणार नाही. मला तर आनंदच झाला, कारण या वेळी हा एरर का आला ते वाचताक्षणीच कळलं. ‘कुणीही वाचा’ आणि ‘याच्या कुकीसकट वाचा’ ही दोन वाक्यं एकत्र आली की बँकेची गोष्ट पुन्हा सुरू. कुकी हवी तर ओरिजिनचं नाव घेऊन परवानगी द्या, वर ‘अलाऊ-क्रेडेन्शियल्स: ट्रू’ असं वेगळं लिहून द्या. दोन-तीन ओरिजिन चालवायची असतील तर आलेलं ओरिजिन आपल्या यादीत आहे का ते तपासून तेच परत लिहायचं, आणि सोबत ‘व्हेरी: ओरिजिन’ लावायचं, नाही तर कॅशे एकाचं उत्तर दुसऱ्याला देऊन मोकळा होतो.

एकदा ही नजर आली की मग जिथे तिथे कॉर्स दिसायला लागतो. माझ्या पानाला मुक्ता हा मुंबईच्या ‘एक टाइप’ या फाँट बनवणाऱ्या संस्थेचा देवनागरी फाँट आहे, गूगल फाँट्सवरून घेतलेला. तिथून कॉपी केलेल्या प्रीकनेक्टच्या ओळीत ‘क्रॉसओरिजिन’ असा एक शब्द होता. इतके दिवस तो नुसता डकवलेला. आता कळलं, फाँटची फाइल ब्राउझर कॉर्सच्या रीतीनेच मागवतो, म्हणून आधी जोडून ठेवायचं कनेक्शनही त्याच जातीचं हवं. आणि गूगलचा फाँट सर्व्हर चांदणी लावून उत्तर देतो, म्हणून माझं पान मराठी अक्षरांत नीट उमटतं!

ज्यांच्या कन्सोलमध्ये आत्ता ही लाल ओळ आहे त्यांच्यासाठी जमवलेल्या चार गोष्टी. पहिली म्हणजे कन्सोलमधलं वाक्य शेवटपर्यंत वाचा. हेडर नाही, हेडर आहे पण नाव जुळत नाही, प्रीफ्लाइटला रीडायरेक्ट मिळालं, ऑथरायझेशन यादीत नाही, असं नेमकं कारण तिथेच असतं. ते फक्त तिथेच असतं. कोडमधल्या कॅचला नुसतं ‘फेल्ड टू फेच’ मिळतं, कारण पानाला तपशील दिला तर तुमच्या घरच्या नेटवर्कवर काय काय चालू आहे हे कुठलीही साइट चाचपून बघेल. दुसरी गोष्ट, सर्व्हरचा लॉग शेजारी उघडा ठेवा. सर्व्हर आतून कोसळून 500 देतो, त्या उत्तराला कॉर्सचा हेडर लागायचा राहतो, आणि खापर कॉर्सवर फुटतं. तिसरी, परवानगीच्या यादीत ओरिजिन लिहिताना शेवटी तिरकी रेघ नको. ओरिजिनमध्ये ती नसतेच, मग जुळणार कशी? चौथी, ‘नो-कॉर्स’ मोड हा उपाय नव्हे. एरर जातो हे खरं, पण हाती येतं ते बंद उत्तर, स्टेटस शून्य, आतलं काहीच वाचता येत नाही.

ब्राउझरचा पहारा बंद करणारी एक्स्टेन्शन्सही मिळतात. पण ती चालतात फक्त तुमच्या मशीनवर, आणि तिथे तुमच्याच कुकींवरचं संरक्षण काढून टाकतात! त्यापेक्षा डेव्हलपमेंटसाठी व्हीटचा प्रॉक्सी कितीतरी चांगला. पान सगळं 5173 लाच मागतं, व्हीट मागच्या मागे 3000 वरून आणून देतो. ब्राउझरच्या लेखी ओरिजिन एकच, आणि दोन सर्व्हर आपसात बोलतात तिथे कॉर्सचा प्रश्नच नाही.

मी मात्र प्रॉक्सीवर थांबले नाही, कारण आता परवानगी देण्याचीच गोडी लागली आहे! विकिपीडियाने जे माझ्यासाठी केलं ते मीही करू शकते की. अ‍ॅप आता लॅपटॉपवरून खऱ्या सर्व्हरवर गेलं आहे आणि मार्गांची वाटणी करून टाकली आहे. नोंद लिहिणं, बदलणं, पुसणं इथे कुकी लागते, म्हणून तिथे फक्त माझ्या पानाचं ओरिजिन, नावानिशी. किल्ल्यांच्या नोंदी वाचण्याच्या मार्गाला कुकी लागत नाही, तिथे चांदणी. एखाद्या ट्रेकिंग ग्रुपला आपल्या पानावर राजगडाची पाण्याची नोंद दाखवायची असेल तर मला विचारायचीही गरज नाही. सरळ फेच करा, हेडर मी लावून ठेवला आहे!